व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स कर्नलचे दोष कसे शोधावेत : पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्यांसाठी

कर्नलमधले दोष शोधण्याच्या कामाला मी हात घातला तेव्हा पहिले दोन दिवस एका ओळीच्या संदेशाची वाट पाहण्यात गेले. संशय असलेल्या फंक्शनच्या सुरुवातीला मी एक प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणारे फंक्शन) घातला, कर्नल बांधला, म्हणजे सोर्सपासून कंपाइल केला, व्हर्च्युअल मशीन सुरू केले, आणि संदेश काही केल्या उमटेना. मी फंक्शन बदलून पाहिले, संदेशाची पातळी बदलून पाहिली, शेवटी कंपाइलरवरही शंका घेतली. खरे कारण इतकेच होते की मशीन मी बांधलेला कर्नल चालवतच नव्हते. डिस्क-इमेजमधला बूटलोडर स्वतःजवळचा जुना कर्नल दर वेळी निमूटपणे सुरू करत होता. या कामात नवख्या माणसाचा वेळ प्रत्यक्ष दोषापायी जातो त्याहून अधिक, आपण नेमका कोणता कर्नल कोणत्या परिस्थितीत चालवत आहोत हे ठाऊक नसल्यामुळे जातो, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे, आणि पुढील पायऱ्यांची मांडणीही त्याच मताने झाली आहे.

येथील तपशील लिनक्स कर्नल, ६४ बिटांचा एक्स८६ प्रोसेसर आणि क्यूएमू-केव्हीएम या जोडीला धरून आहेत. क्यूएमू हा फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला एम्युलेटर असून तो संपूर्ण संगणकाची नक्कल करतो. केव्हीएम हा कर्नलचाच एक भाग आहे आणि तो २००७ मधील २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्समध्ये आहे. तो जोडला की गेस्टच्या (म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या प्रणालीच्या) सूचना प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीमुळे थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे या लेखात उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- कर्नलचा सोर्स, तोही गिटच्या संपूर्ण इतिहासासह. नुसती संकुचित फाइल उतरवून घेतली तर पुढे बायसेक्ट (दोषी कमिट शोधण्यासाठी इतिहास निम्मा-निम्मा करत जाणे) करता येत नाही.
- जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, तसेच लिबएल्फ आणि ओपनएसएसएल यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस.
- क्यूएमू, आणि पायथॉनच्या आधारासह बांधलेला जीडीबी हा डीबगर.
- बिझीबॉक्स (नेहमीच्या आज्ञा एकाच फाइलीत देणारा प्रोग्राम, स्टॅटिक पद्धतीने बांधलेला) आणि सीपीआयओ (फाइलींचा गठ्ठा बांधणारा प्रोग्राम).
- पाहोल, म्हणजे स्ट्रक्चरची मेमरीतील मांडणी दाखवणारा प्रोग्राम. तो नंतरही घेता येईल, पण स्ट्रक्चरमधील जागा मोजताना तो हाताशी असलेला बरा.
- डिस्कवर किमान २० गीगाबाइट मोकळी जागा. डीबग माहितीसह बांधलेला कर्नल अपेक्षेपेक्षा फार फुगतो.
- डेव्ह-केव्हीएम या उपकरण-फाइलीवर तुमच्या खात्याला वाचण्या-लिहिण्याचा अधिकार. बहुतेक डिस्ट्रिब्यूशनमध्ये त्यासाठी खाते केव्हीएम या गटात घालावे लागते आणि पुन्हा लॉगिन करावे लागते.

१. कॉन्फिगरेशन लहान ठेवा

नवखे लोक पहिली चूक करतात ती येथे: होस्टवर (क्यूएमू ज्यावर चालतो त्या खऱ्या संगणकावर) चालणाऱ्या डिस्ट्रिब्यूशनची कॉन्फिग फाइल उचलतात आणि बांधायला लागतात. त्यात हजारो मॉड्यूल असतात, त्यांतील बहुसंख्य तुमच्या मशीनला कधीच लागणार नसतात, आणि पुष्कळदा डिस्ट्रिब्यूशनच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही म्हणून बांधणी मध्येच थांबते. त्याऐवजी आधी मेक डेफकॉन्फिग आणि त्यानंतर मेक केव्हीएम-अंडरस्कोर-गेस्ट-डॉट-कॉन्फिग चालवा. दुसरी आज्ञा व्हर्टआयओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठी घडवलेली) उपकरणे, सीरियल कन्सोल आणि गेस्टला लागणाऱ्या इतर सोयी मॉड्यूल म्हणून न ठेवता कर्नलमध्येच बसवते. मेक लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा मात्र टाळा, कारण ती होस्टवर त्या क्षणी चढवलेली मॉड्यूले पाहून यादी छाटते आणि गेस्टचे हार्डवेअर होस्टसारखे नसते.

आता डीबगिंगचे पर्याय. डीबग माहिती चालू करताना एक सापळा आहे. ५.१८ या आवृत्तीपासून डीबग-इन्फो हा पर्याय स्वतंत्रपणे चालू करता येत नाही. ड्वॉर्फची (डीबग माहिती साठवण्याच्या स्वरूपाची) आवृत्ती निवडण्याच्या पर्यायांपैकी एक निवडला की तो आपोआप चालू होतो. जुन्या लेखांत दिल्याप्रमाणे केवळ डीबग-इन्फो चालू केला आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवले, तर तो पर्याय काहीही न सांगता गळून पडतो. म्हणून पर्याय बदलल्यावर डॉट-कॉन्फिग फाइल उघडून तो खरोखर उरला आहे याची दर वेळी खात्री करा. ज्याच्या पूर्वअटी पूर्ण नाहीत असा कोणताही पर्याय असाच मुकाट्याने नाहीसा होतो. डीबग-इन्फो-रिड्यूस्ड बंद असावा, नाहीतर जीडीबीला स्ट्रक्चरची पूर्ण माहिती मिळत नाही. जीडीबी-स्क्रिप्ट्स हा पर्यायही चालू करा.

दोष पकडणाऱ्या यंत्रणांपैकी कासान आणि लॉकडेप या दोन पहिल्या दिवसापासून असाव्यात. कासान ४.० या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. मोकळी केलेली किंवा हद्दीबाहेरची मेमरी वापरली गेली तर तो जागच्या जागी पकडतो. त्यासाठी तो एकूण मेमरीचा आठवा भाग स्वतःकडे ठेवतो आणि कर्नल सुमारे तीन पटींपर्यंत मंद करतो. लॉकडेप कुलपे (लॉक) कोणत्या क्रमाने घेतली जातात यावर लक्ष ठेवतो आणि प्रत्यक्ष कोंडी (डेडलॉक) होण्याची वाट न पाहता तशी शक्यता दिसताच इशारा देतो. मात्र पहिला इशारा दिल्यावर तो स्वतःला बंद करून घेतो, त्यामुळे पहिला इशारा किरकोळ वाटला म्हणून बाजूला ठेवला तर त्यामागचा खरा इशारा तुम्हाला दिसणारच नाही.

२. छोटी फाइल-प्रणाली तयार करा

पूर्ण डिस्ट्रिब्यूशन बसवलेली डिस्क-इमेज सुरुवातीला वापरू नका. बिझीबॉक्स, त्याच्या नावाचे काही दुवे आणि इनिट नावाची दहा ओळींची स्क्रिप्ट एवढे एका फोल्डरमध्ये ठेवा, स्क्रिप्टमध्ये प्रॉक, सिसएफएस आणि डेव्हटीएमपीएफएस माउंट करा, शेवटी शेल सुरू करा, आणि ते फोल्डर सीपीआयओच्या न्यूसी स्वरूपात बांधून इनिटरॅमएफएस (बूट होताना मेमरीत उलगडली जाणारी फाइल-प्रणाली) म्हणून द्या. असे मशीन काही सेकंदांत उभे राहते, आणि दिवसातून शंभर वेळा ते उभे करायचे असल्यामुळे हे सेकंद मोलाचे ठरतात.

येथे तीन चुका सर्रास होतात. बिझीबॉक्स डायनॅमिक पद्धतीने बांधला असेल तर कर्नल ‘इनिट चालवता आले नाही, त्रुटी उणे २’ असे सांगतो. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल तर समोर दिसत असते, आणि माणूस चक्रावतो. न सापडलेली फाइल इनिट नसून त्याला लागणारा डायनॅमिक लोडर असतो. दुसरी चूक म्हणजे इनिटला चालवण्याचा अधिकार न देणे. तिसरी, स्क्रिप्टमधील शेवटची आज्ञा संपू देणे: पहिली प्रोसेस संपली की कर्नल ‘इनिटला मारण्याचा प्रयत्न’ असे सांगून पॅनिक होतो, म्हणजे काम तेथेच थांबवतो, आणि नवखा माणूस तो कर्नलचा दोष समजून शोधत बसतो.

३. मशीन सुरू करा

क्यूएमूला कर्नल या पर्यायाने बीझेडइमेज (बांधणीतून निघालेली संकुचित कर्नल-फाइल) थेट द्या, इनिटआरडी या पर्यायाने वरील फाइल द्या, आणि अपेंड या पर्यायातून कर्नलला सूचना द्या: कन्सोल बरोबर टीटीवाय-एस-शून्य, आणि नोकेएएसएलआर. दुसरी सूचना कर्नलचा मेमरीतील पत्ता यादृच्छिक करणे थांबवते. ती विसरलात तर जीडीबीतील पत्ते आणि खरे पत्ते जुळत नाहीत, ब्रेकपॉइंट लागल्यासारखे दिसतात पण कधीच थांबवत नाहीत. नोग्राफिक हा पर्याय दिला की सीरियल कन्सोल तुमच्याच टर्मिनलवर येतो. त्यातून बाहेर पडण्यासाठी कंट्रोल-ए आणि मग एक्स दाबायचे असते; हे ठाऊक नसल्याने टर्मिनलच बंद करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

मेमरीचा पर्याय स्पष्टपणे द्या. न दिल्यास क्यूएमू १२८ मेगाबाइट गृहीत धरतो आणि कासानसह बांधलेला कर्नल तेवढ्यात तग धरत नाही. केव्हीएम चालू करण्याचा पर्यायही विसरू नका, नाहीतर प्रत्येक सूचना टीसीजीमार्फत (क्यूएमूच्या स्वतःच्या अनुवादकामार्फत) अनुवादित होऊन चालेल आणि कर्नलच मंद आहे असा गैरसमज होईल. अपेंडमध्ये पॅनिक बरोबर उणे एक आणि क्यूएमूला नो-रीबूट अशी जोडी दिली, तर कर्नल पॅनिक होताच क्यूएमू बंद होतो आणि कन्सोलवरचा शेवटचा मजकूर शाबूत राहतो. पुढे आपोआप चालणाऱ्या चाचण्यांना हीच जोडी आधार देते.

हे सर्व पर्याय एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. हाताने टंकलेली लांबलचक आज्ञा आणि आठवणीवरचा भरवसा ही जोडी या कामात घातक आहे.

४. चालतो आहे तो कर्नल तुमचाच आहे का?

गेस्टमध्ये प्रॉक-व्हर्जन ही फाइल वाचा. त्यात कर्नलची आवृत्ती, बांधणीचा क्रमांक आणि बांधणीची वेळ असते. लोकलव्हर्जन-ऑटो हा पर्याय चालू असेल तर गिटच्या कमिटचा आरंभीचा भागही आवृत्तीला जोडला जातो, आणि कोड बदलून कमिट केला नसेल तर डर्टी असा शेराही येतो. ही वेळ आत्ताची नसेल तर पुढे एकही पाऊल टाकू नका.

५. जीडीबी जोडा

क्यूएमूला छोटा एस हा पर्याय दिला की तो १२३४ या टीसीपी पोर्टवर जीडीबीची वाट पाहतो. मोठा एस दिला तर पहिल्याच सूचनेपाशी थांबून राहतो. दुसऱ्या टर्मिनलवर जीडीबी सुरू करताना त्याला बांधणीतून निघालेली व्हीएमलिनक्स ही न संकुचित केलेली कर्नल-फाइल द्या. बीझेडइमेज देऊन उपयोग नाही, कारण ती संकुचित असते आणि तिच्यात चिन्हांची माहिती नसते. त्यानंतर टार्गेट रिमोट आणि पोर्ट क्रमांक दिला की तुम्ही गेस्टच्या आत असता. मेक स्क्रिप्ट्स-अंडरस्कोर-जीडीबी चालवलेले असेल आणि जीडीबीच्या आरंभ-फाइलीत सोर्सचा मार्ग सुरक्षित म्हणून नोंदवलेला असेल, तर एलएक्स-डीमेसेज, एलएक्स-पीएस आणि एलएक्स-सिम्बॉल्स या आज्ञा मिळतात. यांतील पहिली तर पूर्ण गोठलेल्या मशीनमधूनही कर्नलचे संदेश काढून देते, आणि मॉड्यूलमध्ये काम करणाऱ्यांना तिसरीशिवाय गत्यंतर नाही, कारण मॉड्यूल कोणत्या पत्त्यावर चढले हे जीडीबीला आपणहून कळत नाही.

बूटच्या आरंभीच थांबायचे असेल तर साधा ब्रेकपॉइंट चालत नाही. साधा ब्रेकपॉइंट म्हणजे मेमरीत त्या जागी घातलेली एका बाइटची सूचना. पण त्या क्षणी कर्नल अजून उलगडलेला नसतो, आणि उलगडताना तो त्याच जागेवर लिहितो व तुमची सूचना पुसली जाते. अशा वेळी एचब्रेक वापरून प्रोसेसरच्या डीबग रजिस्टरमधला ब्रेकपॉइंट लावा. एक्स८६ मध्ये अशी चारच रजिस्टरे असतात, आणि मेमरीतील एखादी जागा कोण बदलतो हे पाहणारे वॉचपॉइंटही त्यांतलीच वापरतात, त्यामुळे ती जपून वापरावी लागतात.

एकेक ओळ पुढे जाताना अचानक तुम्ही टायमरच्या इंटरप्टमध्ये जाऊन पडलात तर घाबरू नका. मशीन थांबलेले असतानाही होस्टवरचा काळ पुढे सरकत असतो, म्हणून पुन्हा चालू करताच साचलेला इंटरप्ट आधी धावतो. स्टेपऐवजी पुढच्या ओळीवर तात्पुरता ब्रेकपॉइंट लावून सोडणे हा मला सर्वांत कमी त्रासाचा मार्ग वाटतो. शक्य असेल तर एकाच व्हीसीपीयूवर (गेस्टला दिसणाऱ्या प्रोसेसरवर) काम करा. गेस्टच्या जोडण्या बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी असतील तर तो सर्व्हर तुमच्यासाठी थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. पाच मिनिटे विचार करून मशीन सोडले की जोडण्या तुटलेल्या असतात.

‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ हे शब्द तुम्हाला दर दोन मिनिटांनी भेटतील. कर्नल ऑप्टिमायझेशनशिवाय बांधताच येत नाही, म्हणून कंपाइलर अनेक व्हेरिएबल रजिस्टरमध्ये फिरवून मग टाकून देतो. यावर उपाय असा की थेट फंक्शनच्या प्रवेशापाशी थांबा. तेथे पहिले सहा आर्ग्युमेंट अनुक्रमे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांत ठरलेले असतात. तेही पुरेसे नसेल तर संशयित फंक्शनला नोइनलाइन असा शेरा तात्पुरता लावा.

६. ऊप्स वाचायला शिका

ऊप्स म्हणजे कर्नल कोसळताना छापतो तो अहवाल. जीडीबीपेक्षा तो वाचण्याची कला मी वरची मानतो, कारण दुसऱ्याच्या मशीनवर घडलेल्या अपघाताचा पुष्कळदा एवढा मजकूरच तुमच्या हाती येतो.

पहिली ओळ नीट वाचा. कर्नल नल पॉइंटरमुळे कोसळला आणि पत्ता ०एक्स१८ असा लहान असेल, तर पॉइंटर शून्य होता आणि कोडने त्याच्या २४ बाइट पुढचा घटक वाचायचा प्रयत्न केला. कोणत्या स्ट्रक्चरमध्ये चोविसाव्या बाइटवर काय आहे हे पाहोल किंवा जीडीबीमधील पीटाइप या आज्ञेला छोटा ओ हा पर्याय देऊन दिसते, आणि एवढ्यावरूनच कोणता पॉइंटर रिकामा होता ते अनेकदा कळते. पत्त्यात किंवा रजिस्टरमध्ये ६बी ६बी ६बी अशी ओळ दिसली तर ती मोकळी केलेली मेमरी आहे. स्लॅबचे (कर्नलच्या मेमरी-वाटप यंत्रणेचे) डीबगिंग चालू असताना कर्नल मोकळ्या केलेल्या जागेत हाच बाइट भरून ठेवतो. ५ए दिसला तर जागा वाटप झालेली आहे पण तिच्यात अजून काही लिहिलेले नाही. डेड या अक्षरांनी सुरू होऊन १०० ने संपणारा पत्ता म्हणजे यादीतून काढून टाकलेला घटक कोणीतरी पुन्हा वापरतो आहे.

आरआयपीच्या (कोसळताना चालू असलेली सूचना दाखवणाऱ्या रजिस्टरच्या) ओळीत फंक्शनचे नाव, त्यातील अंतर आणि फंक्शनची एकूण लांबी असते. सोर्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधील एफ-अ‍ॅडर-टू-लाइन ही स्क्रिप्ट त्यावरून ओळ क्रमांक काढून देते, आणि डिकोड-स्टॅकट्रेस ही स्क्रिप्ट संपूर्ण ट्रेसवर (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीवर) तेच करते. दोन्हींना अर्थातच त्याच बांधणीची व्हीएमलिनक्स लागते. दुसऱ्या बांधणीची दिली तर त्या तक्रार करतीलच असे नाही. चुकीचा ओळ क्रमांक तितक्याच आत्मविश्वासाने देतील. ट्रेसमध्ये ज्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे ते स्टॅकवर सापडलेले जुने अवशेष असू शकते, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

एकापाठोपाठ अनेक ऊप्स आले असतील तर पहिलाच महत्त्वाचा. ऊप्समधील टेंटेड या शब्दाच्या पुढे डी हे अक्षर असेल तर कर्नल याआधीच एकदा कोसळलेला आहे, डब्ल्यू असेल तर याआधी इशारा येऊन गेला आहे. वर सरकून तो शोधा. मोकळी केलेली मेमरी वापरल्याचा कासानचा अहवाल असेल तर त्यात तीन ट्रेस असतात: मेमरी चुकीने कोणी वापरली, ती कोणी मागितली होती आणि कोणी मोकळी केली. दोष बहुधा तिसऱ्यात असतो, पण आपली नजर सवयीने पहिल्यावरच खिळते.

७. छापून पाहणे आणि त्याचे परिणाम

प्रिंटके वाईट नाही; मी आजही आधी तोच घालतो. परंतु सीरियल कन्सोलवर जाणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी गेस्टला प्रोसेसर सोडून क्यूएमूकडे यावे लागते, आणि एका ओळीसाठी अशा ऐंशी फेऱ्या झाल्या की दोन सीपीयूंमधील शर्यतीचा (कोण आधी पोहोचतो यावर अवलंबून असणारा) दोष वेळ बदलल्यामुळे नाहीसा होतो. प्रिंटके घातला की दोष जातो, काढला की येतो, असे झाले तर शर्यत आहे असे खुशाल समजा आणि ट्रेस-प्रिंटके वापरा. तो मेमरीतील चक्राकार साठ्यात लिहितो आणि कन्सोलला हात लावत नाही. एफट्रेस-डंप-ऑन-ऊप्स ही सूचना अपेंडमध्ये दिली की मशीन कोसळताना तो साठा कन्सोलवर रिकामा होतो.

आणखी एक सापळा: ४.१५ या आवृत्तीपासून टक्का-पी ने छापलेला पॉइंटर खरा नसतो, सुरक्षिततेसाठी त्याचे हॅश केलेले रूप छापले जाते. तो आकडा जीडीबीत टाकून काहीच मिळत नाही. ५.१२ पासून नो-हॅश-पॉइंटर्स ही सूचना दिली की खरे पत्ते छापले जातात. ती केवळ चाचणीच्या मशीनवर वापरावी.

८. दोष गेस्टचा की होस्टचा?

हा प्रश्न खऱ्या संगणकावर काम करणाऱ्याला पडत नाही, आणि म्हणूनच तिकडून आलेली अनुभवी माणसेही येथे फसतात.

उदाहरण म्हणून सॉफ्ट लॉकअप घ्या. एखादा सीपीयू २० सेकंदांहून अधिक काळ आपल्या कामात अडकून राहिला की कर्नल तसा इशारा देतो. गेस्टमध्ये मात्र त्या व्हीसीपीयूला होस्टने तितका वेळ चालूच दिले नसेल, तरीही हाच इशारा येऊ शकतो. गेस्टच्या दृष्टीने घड्याळ पुढे गेले आणि काम झाले नाही. आरसीयू स्टॉलचेही (आरसीयू या कर्नलमधील समन्वय-यंत्रणेचे काम खोळंबल्याच्या इशाऱ्याचेही) तसेच. म्हणून ट्रेस वाचण्यापूर्वी टॉपमधील एसटी हा रकाना पाहा. होस्टने हिरावलेला वेळ तेथे दिसतो. तो मोठा असेल आणि दर वेळी ट्रेसमध्ये वेगळेच फंक्शन दिसत असेल तर गेस्टच्या कोडमध्ये शोधत बसणे व्यर्थ आहे. ट्रेस दर वेळी एकाच जागी बोट ठेवत असेल तर मात्र खरोखर शोधा.

मी पुढील अदलाबदली करून पाहतो, आणि एका वेळी एकच. केव्हीएमऐवजी टीसीजी: तरीही दोष आला तर केव्हीएमवरचा संशय जवळजवळ फिटतो, पण आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण टीसीजीत वेळेचे गणित पूर्ण बदलते. व्हर्टआयओच्या नेटवर्क कार्डाऐवजी ई१००० (इंटेलच्या खऱ्या कार्डाची नक्कल): दोष गेला तर व्हर्टआयओच्या ड्रायव्हरकडे किंवा क्यूएमूतील त्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळा. अनेक व्हीसीपीयूंऐवजी एक: दोष गेला तर शर्यत किंवा कुलपे. सीपीयू मॉडेल होस्टऐवजी क्यूएमूचे मूळ मॉडेल: कर्नल बूटच्या वेळी प्रोसेसरच्या क्षमता पाहून स्वतःच्या कोडमधील सूचना बदलतो, त्यामुळे मॉडेल बदलले की खरोखरच वेगळा कोड चालतो.

व्हर्टआयओचे उपकरण गोठले असेल तर प्रॉक-इंटरप्ट्स ही फाइल पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. उपकरणापुढचा आकडा वाढत नसेल तर एकतर गेस्टने विनंती ठेवल्याचे उपकरणाला कळवले नाही किंवा उपकरणाने काम झाल्याचे गेस्टला कळवले नाही. दोन्ही बाजू सामाईक मेमरीतील रांगेत लिहितात आणि शक्य तेव्हा एकमेकांना उठवणे टाळतात. उठवावे की नाही हे ठरवताना मेमरी बॅरिअर (वाचन-लेखनाचा क्रम राखणारी सूचना) चुकला तर दोघेही दुसऱ्याची वाट पाहत बसतात. हा दोष हजारात एकदा घडतो, म्हणून त्यासाठी रात्रभर चालणारी चाचणी लागते.

९. पूर्वी चालत होते, आता चालत नाही

अशा तक्रारीत कोड वाचण्याआधी गिट बायसेक्ट चालवा. दोन आवृत्त्यांत १५,००० कमिट असले तरी १४ पायऱ्यांत दोषी कमिट सापडतो, आणि मशीन आपोआप उभे राहत असल्यामुळे हे सारे झोपेतही होऊ शकते. बायसेक्ट रनला दिलेल्या स्क्रिप्टने शून्य परत केले तर कमिट चांगला, १२५ परत केले तर वगळायचा, १ ते १२७ मधील इतर काहीही असेल तर वाईट. बांधणी अयशस्वी झाली तर १२५ परत करायला विसरू नका. नाहीतर न बांधता आलेला कमिट दोषी ठरतो. टाइमआउट ही आज्ञा वेळ संपल्यावर १२४ परत करते, म्हणजे गोठलेले मशीन आपोआप वाईट मोजले जाते. हे सोयीचे आहे, पण टाइमआउट केवळ क्यूएमूला लावा. बांधणीलाही लावला तर मंद बांधणीचा दोष निरपराध कमिटवर जातो.

निकाल ओळखण्यासाठी सीरियल लॉगमध्ये ठराविक ओळ शोधणे सर्वांत सोपे. क्यूएमूतील आयएसए-डीबग-एक्झिट हे उपकरण वापरायचे असेल तर ते लिहिलेल्या आकड्याची दुप्पट अधिक एक असा कोड परत करते हे ध्यानात ठेवा, म्हणजे त्यातून शून्य कधीच मिळत नाही. प्रत्येक पायरीवर मूळ कॉन्फिग फाइल पुन्हा ठेवून मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा, नाहीतर मागे-पुढे जाताना पर्याय गळत राहतात. आणि अधूनमधून घडणारा दोष असेल तर चांगला ठरवण्यापूर्वी चाचणी पुरेशा वेळा चालवा. एकच चुकीचा ‘चांगला’ संपूर्ण शोध भलतीकडे नेतो.

१०. सुधारणा करायची असेल तर

मोजण्यासाठी वेगळा कर्नल बांधा. कासान आणि लॉकडेप चालू असलेल्या कर्नलवर घेतलेली मापे कितीही काळजीने घेतली तरी निरुपयोगी असतात.

गेस्टमध्ये वेळ कोठे जातो याचे निम्मे उत्तर होस्टवर मिळते. होस्टवर पर्फ केव्हीएम स्टॅट चालवले की गेस्ट किती वेळा आणि कोणत्या कारणाने बाहेर पडला (म्हणजे त्याला प्रोसेसर होस्टकडे सोपवावा लागला) याचा तक्ता येतो. एचएलटीचे (प्रोसेसर थांबवण्याच्या सूचनेचे) प्रमाण मोठे असेल तर गेस्ट वारंवार झोपतो आणि उठतो आहे; आयओ सूचनांचे मोठे असेल तर एखादे जुन्या धाटणीचे उपकरण किंवा बडबडा सीरियल कन्सोल शोधा; इंटेलच्या प्रोसेसरवर ईपीटी-मिसकॉन्फिग मोठे दिसले तर नावावरून बिचकू नका, व्हर्टआयओची हाक बहुधा याच मार्गाने येते. दुसरे मोठे कारण मेमरीचे पत्ते शोधण्याचे. गेस्टचे चार स्तर आणि होस्टचे चार स्तर मिळून एका पत्त्यासाठी २४ पर्यंत मेमरी वाचने लागू शकतात, म्हणून होस्टवर मोठी पाने वापरल्याचा फायदा गेस्टमध्ये लगेच जाणवतो. या दोन्ही गोष्टी तपासण्यापूर्वी कर्नलच्या कोडला हात लावू नये, असे मी सुचवेन.

११. दुरुस्ती पाठवताना

एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा. संदेशात काय बदलले यापेक्षा दोष कसा घडतो हे लिहा, शक्य असल्यास तो पुन्हा घडवण्याची कृती द्या आणि ऊप्समधील आवश्यक तेवढाच भाग जोडा. दोष ज्या कमिटमुळे आला तो फिक्सेस या ओळीत, त्याच्या ओळखचिन्हाच्या किमान पहिल्या १२ अक्षरांसह नोंदवा. बायसेक्ट केले असल्याने ते तुमच्याजवळ असेलच. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ नसेल तर पॅच घेतला जात नाही. चेकपॅच चालवा, पण त्याची प्रत्येक कुरकूर शिरोधार्य मानू नका. पॅच कोणाला पाठवायचा ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. पाठवताना गिट सेंड-ईमेल वापरा, कारण नेहमीच्या मेल प्रोग्रामांपैकी पुष्कळसे टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालतात किंवा ओळी तोडतात आणि असा पॅच लागू होत नाही. परीक्षकांच्या सूचनांनंतर दुसरी आवृत्ती पाठवताना आधीच्या आवृत्तीपेक्षा काय वेगळे आहे ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ते दिसते आणि कमिटच्या इतिहासात मात्र जात नाही.